‘संगीत सौभद्र’ : वडीलधाऱ्यांचा शब्द आणि मुलीचें मन

आपल्या वाशीम नगरीचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि त्या शाखेचा मूळपुरुष राजा सर्वसेन यानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचिलें होतें, ही गोष्ट इतिहासाच्या वर्गांत आपण ऐकली असेल. परंतु साहित्याच्या इतिहासांत या नगरीला आणखी एक मान आहे, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला कवि व पंडित राजशेखर यानें आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत एक सुंदर रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष हा आईवर रुसून घरांतून निघाला. त्याला प्रेमाच्या धाग्यानें बांधावें, या हेतूनें गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली व तिला त्याच्या मागें पाठविलें. तीं दोघें देशोदेशीं हिंडलीं. प्रत्येक देशीं तिचा वेष, तिचें नृत्य आणि तिची भाषा यांनीं त्याचें मन थोडें थोडें वळत गेलें. आणि विदर्भांत, वत्सगुल्म नगरांत, त्यांनीं गांधर्व रीतीनें विवाह केला. मग तीं हिमालयावर परतलीं, सरस्वती व गौरी या दोन्ही मातांच्या पायां पडलीं, आणि मातांनीं त्यांस आशीर्वाद दिला.

या कथेंत वधूच्या मातेचीच योजना होती हें खरें. तथापि लग्नाच्या वेळीं मंडपांत वडील माणूस कोणी नव्हतें, हेंही तितकेंच खरें. वडिलांच्या पाठीमागें झालेला विवाह आणि मागाहून मिळालेला आशीर्वाद, या दोन टोकांच्या मध्यें जें कांहीं घडतें, तेंच जगांतील कितीतरी आनंदपर्यवसायी नाटकांचें कथानक आहे. तरुण-तरुणींचें परस्परांवर मन बसतें. घरांतील वडीलधारा दुसरेंच स्थळ ठरवितो. मग सोंगें, निरोप, गैरसमज यांची धांदल उडते. आणि शेवटीं सारीं माणसें एका ठिकाणीं हंसतमुखानें उभीं राहतात. रोमचा प्लॉटस, इंग्लंडचा शेक्सपिअर, फ्रान्सचा मोलिएर या सर्वांनीं हा सांचा वापरला. आपल्या विदर्भांतील पद्मपुर येथील भवभूतीनें आठव्या शतकांत ‘मालतीमाधव’ याच पायावर उभारलें. मराठी रंगभूमीवर या प्रकारचें सर्वांत लाडकें नाटक कोणतें असें विचारल्यास, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’चें नांव घ्यावें लागेल. त्या नाटकाचा थोडा अभ्यास करावा आणि त्यांत मुलांनीं व पालकांनीं घेण्यासारखें काय आहे तें पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

नाटककार आणि त्याचा काळ

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ सालीं कानडी मुलुखांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. १८८० सालीं पुण्यास त्यांनीं कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा संगीत मराठी अवतार रंगभूमीवर आणिला, आणि दोनच वर्षांनीं, म्हणजे १८८२ सालीं, ‘सौभद्रा’चा प्रयोग केला. साकी, दिंडी, कामदा हीं कीर्तनांतील वृत्तें, लावणीच्या चाली, कानडी पदांच्या चाली असा सर्व मसाला त्यांनीं एकत्र केला. नाटकांत शंभराहून अधिक पदें घातलीं, आणि तीं अशा सोप्या भाषेंत, कीं ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही तोंडीं तीं बसलीं. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेची भूमिका करीत. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत. पुढें बालगंधर्वांनींही या नाटकांतील स्त्री-भूमिका गाजविली. अण्णासाहेब १८८५ सालीं, ऐन उमेदीच्या वयांत, वारले. परंतु ‘सौभद्र’ त्यांच्यामागें पिढ्यान् पिढ्या चालत राहिलें.

एक गोष्ट येथें विशेष लक्षांत ठेवावी. त्यापूर्वींच्या पौराणिक नाटकांत बहुतेक गाणें सूत्रधाराकडे असे. पात्रांच्या मनांतील सुखदुःख तोच गाऊन सांगे. अण्णासाहेबांनीं गाण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या स्वाधीन केला. वरवर पाहतां ही केवळ रंगभूमीवरील सोय दिसते. परंतु जिचें लग्न ठरवितांना तिला कोणी विचारिलें नाहीं अशी मुलगी स्वतःच्या तोंडानें आपलें दुःख गाऊं लागली, म्हणजे ती सोय राहत नाहीं. तें बोलणें होतें, आणि तें सर्व सभागृहाला ऐकावें लागतें.

काळही तसाच होता. १८८२ च्या सुमारास आपल्या समाजांतील पुष्कळ घरीं मुलींचीं लग्नें आठव्या-दहाव्या वर्षीं उरकली जात. त्यांची संमति हा विचाराचा विषयच नव्हता. ‘सौभद्र’ रंगभूमीवर आल्यानंतर दोनच वर्षांनीं, १८८४ सालीं, मुंबईच्या हायकोर्टांत रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीनें दावा लावला. अकराव्या वर्षीं, मला समजत नसतां, झालेलें लग्न मी मानीत नाहीं, असा रखमाबाईंचा पक्ष होता. १८८७ सालीं ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोग’ अशा अर्थाचा निकाल झाला, तेव्हां कैद पत्करीन, पण जाणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. १८८८ सालीं तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं स्त्रियांची सेवा केली. नाटकगृहांत सुभद्रेसाठीं डोळे पुसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत रखमाबाईंस दूषणें देत असेल, असेंही घडलें असेल. नाटक पाहणें सोपें असतें. त्याचा अर्थ आपल्या घराला लावणें अवघड असतें.

एकाच कथेचीं तीन रूपें

सुभद्राहरणाची कथा जुनी आहे. परंतु ती सर्वत्र सारखी नाहीं. विद्यार्थ्यांनीं या तीन रूपांची तुलना अवश्य करावी.

पहिलें रूप महाभारताच्या आदिपर्वांत आहे. रैवतक पर्वतावरील उत्सवांत अर्जुन सुभद्रेला पाहतो व मोहित होतो. श्रीकृष्ण त्याला सांगतो कीं, स्वयंवराचा भरंवसा नाहीं. क्षत्रियानें कन्येचें हरण करणें हाही एक मार्ग आहे. जलद दूत पाठवून युधिष्ठिराची संमति मागविली जाते, आणि मग अर्जुन सुभद्रेला रथांत घालून नेतो. यादव खवळतात. बलराम तर सर्वांत अधिक संतापतो. त्या वेळीं कृष्ण जें भाषण करतो त्याचा एक भाग फार विचार करण्यासारखा आहे. जनावर द्यावें तशी कन्या दान देणें कोणाला रुचेल, आणि पोटचें मूल विकण्यास कोण तयार होईल, असें तो सभेला विचारतो. प्रश्न थोर आहे. परंतु गंमत अशी कीं, हा प्रश्न विचारणाऱ्यानें, आणि हरण करणाऱ्यानेंही, सुभद्रेला स्वतःला तिचें मत विचारलेलें तेथें दिसत नाहीं. धर्मराजाला विचारिलें, सुभद्रेला नाहीं.

दुसरें रूप भागवताच्या दशम स्कंधांत आहे. बलराम सुभद्रेला दुर्योधनास देणार, हें ऐकून अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतो आणि पावसाळ्याचे महिने द्वारकेंत राहतो. बलराम त्याला ओळखीत नाहीं. उलट मोठ्या भक्तीनें घरीं बोलावून भोजन घालतो. तेथें अर्जुन व सुभद्रा एकमेकांना पाहतात व दोघांचींही मनें जडतात. येथें सुभद्रेच्या मनाला प्रथम स्थान मिळालें. शिवाय भागवतकार स्पष्ट सांगतो कीं, या हरणाला सुभद्रेच्या मातापित्यांची व कृष्णाची अनुमति होती. म्हणजे आईबाप एका बाजूला, आणि थोरला भाऊ दुसऱ्या बाजूला! वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडली असें आपण सहज म्हणतों. परंतु कोणत्या वडीलधाऱ्यांची, असा प्रश्न येथें विचारावा लागतो. पुढें रागावलेल्या बलरामाचे पाय धरून कृष्ण त्याला शांत करतो, आणि तो बलराम वधूवरांसाठीं हत्ती, रथ, घोडे अशी भेट पाठवितो.

तिसरें रूप किर्लोस्करांचें. त्यांनीं भागवताचा धागा घेतला, आणि त्यांत माणसाच्या घरांतील हंसूं व आंसूं विणलें. त्यांच्या नाटकांत अर्जुन व सुभद्रा यांचें प्रेम आधींपासूनचें आहे. द्वारकेजवळ आलेल्या अर्जुनाला नारदाकडून बातमी कळते कीं, सुभद्रेचें लग्न दुर्योधनाशीं ठरलें. तो निराश होऊन वैराग्याच्या गोष्टी बोलूं लागतो. इकडे कृष्ण पडद्याआडून सूत्रें हालवितो. भीमपुत्र घटोत्कचाकडून सुभद्रेला लग्नघटिकेपूर्वीं दूर नेववितो. पुढें संन्याशाच्या वेषांतील अर्जुनावर बलरामाची भक्ति बसते, आणि त्या साधूच्या सेवेस प्रत्यक्ष सुभद्रेचीच योजना होते. ज्याच्यापासून बहिणीला दूर ठेवावयाचें, त्यालाच बलराम सन्मानानें घरांत आणून ठेवतो! प्रेक्षकांना सर्व ठाऊक, कृष्णाला सर्व ठाऊक, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला मात्र कांहींच ठाऊक नाहीं, या विसंगतींतून सारा विनोद उत्पन्न होतो. शेवटीं सोंग उघड होतें, आणि ज्याच्या रागाचें सर्वांना भय त्याच्याच आशीर्वादानें नाटक संपतें.

बलरामाची बाजू

बलराम हा दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं, आणि याच ठिकाणीं अण्णासाहेबांची दृष्टि दिसते. मोलिएरच्या ‘लाव्हार’ या १६६८ सालच्या नाटकांतील कंजूष बाप हार्पागाँ आपली मुलगी एका प्रौढ गृहस्थाला देऊं पाहतो, कारण तो हुंडा मागत नाहीं. त्या बापाला हंसतांना प्रेक्षकाला वाईट वाटत नाहीं. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील ईजिअस तर अथेन्सच्या राजापुढें उभा राहून, मुलगी माझें ऐकत नसेल तर कायद्याप्रमाणें तिला देहान्त द्या, असें मागतो. बलराम असा नाहीं. बहिणीवर त्याचें प्रेम आहे. दुर्योधन हा त्याचा गदायुद्धांतील शिष्य. हस्तिनापुरच्या राजाचा थोरला पुत्र. बहिणीला राज्यवैभव मिळेल, आणि आपण दिलेला शब्दही राहील, असा त्याचा सरळ हिशेब आहे. आपल्याकडील कितीतरी प्रेमळ वडील व थोरले भाऊ असाच हिशेब करतात. स्थळ चांगलें, घराणें मोठें, शब्द दिलेला; आणखी काय पाहिजे?

पाहिजे होतें तें एकच: सुभद्रेला विचारणें. बलरामाचा दोष प्रेमाच्या अभावाचा नाहीं. तो न विचारण्याचा आहे. म्हणून नाटककारानें त्याला शिक्षाही त्या दोषाला साजेशीच दिली आहे. जो घरच्या मुलीच्या मनांत डोकावून पाहत नाहीं, तो बाहेरून आलेल्या भगव्या वस्त्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मनुष्याचें अंतरंग पाहण्याची ज्याला सवय नाहीं, त्याला वेषच खरा वाटणार. येथें आपण हंसतों. परंतु तें हंसणें बलरामाचा अपमान करणारें नाहीं. शेवटीं त्याचा मान तसाच राहतो, फक्त त्याचा हट्ट जातो. वडीलधाऱ्यांस लहानांसमोर नमतें घेणें फार कठीण असतें. तें त्यांना मान खालीं न घालतां करतां यावें, अशी वाट करून देणें हें या नाटकाचें मोठें कौशल्य आहे.

विदर्भाची कन्या

या नाटकांत आपल्या प्रांताची एक मुलगी आहे, हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आलें असेलच. ती कृष्णपत्नी रुक्मिणी. वर्धा नदीच्या काठीं, अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर हें तिचें माहेर मानलें जातें. तिची स्वतःची कथा सुभद्रेच्या कथेशीं ताडून पाहावी. रुक्मिणीचें मन कृष्णावर होतें. घरच्या इतर मंडळींनाही तो पसंत होता. परंतु थोरला भाऊ रुक्मी यानें हट्ट धरून शिशुपालाशीं लग्न ठरविलें, आणि भीष्मक राजा पुत्रप्रेमामुळें गप्प राहिला. तेव्हां रुक्मिणीनें एका ब्राह्मणाच्या हातीं कृष्णाला पत्र पाठविलें. कृष्ण आला व तिला घेऊन गेला. त्याच्या पाठीशीं सैन्य घेऊन कोण आला होता? हाच बलराम! शिशुपालाच्या पक्षाच्या राजांशीं तो लढला. आणि कृष्णानें रुक्मीची विटंबना केली तेव्हां कृष्णाला दोष देऊन रुक्मिणीचें सांत्वनही त्यानेंच केलें.

म्हणजे दुसऱ्याच्या घरांतील मुलीला तिच्या मनासारखा वर मिळावा म्हणून जो लढला, तोच स्वतःच्या घरीं आल्यावर रुक्मी झाला. परक्या घरच्या न्यायाची आपणां सर्वांनाच चाड असते. आपल्या घरांत तोच न्याय लावतांना आपण अडखळतों. ‘सौभद्रां’त रुक्मिणी पात्र म्हणून वावरते, तेव्हां जाणत्या प्रेक्षकाला ही जुनी गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांनीं मनांत आणावी. संत एकनाथांनीं १५७१ सालीं काशी येथें ‘रुक्मिणीस्वयंवर’ ग्रंथ पूर्ण केला. मुलीला चांगला वर मिळावा म्हणून त्याचें पारायण करविण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघर होती, आणि आजही कित्येक घरीं आहे. ज्या ग्रंथांतील मुलगी स्वतःच्या हातानें पत्र लिहून आपला वर स्वतः निवडते, तो ग्रंथ आईबापच मुलीच्या हातीं देतात! ग्रंथाची पूजा करावी, आणि त्यांतील गोष्ट मात्र घरांत घडूं नये, अशी ही इच्छा असते. मुलीनें मनांतील गोष्ट नुसती बोलून दाखविली तरी घरांत वादळ उठावें, हें त्या पारायणाशीं कसें जुळतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

हरणाची दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून एखादा उतावळा विद्यार्थी म्हणेल, ‘मग वडिलांची आज्ञा मोडणें हेंच शौर्य!’ त्यानें थोडें थांबावें. ज्या नाटककारानें ‘सौभद्र’ लिहिलें, त्यानेंच त्याच्या आधीं ‘शाकुंतल’ मराठींत आणिलें होतें. आणि तीं दोन नाटकें शेजारीं ठेवून वाचल्याशिवाय हा धडा पुरा होत नाहीं. शकुंतलेनेंही वडिलांस न विचारतां गांधर्व विवाह केला. कण्व ऋषि परत आल्यावर रागावले नाहींत. त्यांनीं तें लग्न मान्य केलें व मुलीला प्रेमानें सासरीं पाठविलें. दोष वडिलांकडे मुळींच नव्हता. तरीही तिच्यावर भयंकर प्रसंग आला. त्या विवाहाचा राजधानींत साक्षीदार नव्हता. खूण म्हणून दिलेली अंगठी पाण्यांत पडली. आणि भर दरबारांत राजानें ‘मी हिला ओळखीत नाहीं’ म्हटलें, तेव्हां तिच्या बाजूनें पुरावा कोणताच उरला नाहीं. गुप्ततेची किंमत दोघांना सारखी द्यावी लागत नाहीं. ती बहुधा मुलीलाच अधिक द्यावी लागते, हें कालिदासानें दीड हजार वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

सुभद्रेचें सुखरूप पार पडलें, याचें कारण अर्जुनाचा धनुष्यबाण नव्हे. तिच्या घरांतच तिचें मन जाणणारा एक वडीलधारा होता. तो कृष्ण. वयानें तो बलरामाहून धाकटा, म्हणून त्याला आज्ञा करतां येत नव्हती. युक्तीच करावी लागली. परंतु तो वराला ओळखीत होता, बहिणीच्या मनाची त्याला खात्री होती, आणि थोरल्या भावाचा राग कसा शांत करावयाचा तेंही त्याला ठाऊक होतें. भवभूतीच्या ‘मालतीमाधवां’तही असेंच आहे. राजाच्या मर्जीखातर मालतीचा पिता तिला नंदन नांवाच्या राजाच्या आवडत्या माणसास देण्यास कबूल होतो. परंतु दोन्ही कुळांची हितचिंतक अशी वृद्ध भिक्षुणी कामंदकी तिच्या पाठीशीं उभी राहते. आणि तरीही मालती प्रारंभीं काय म्हणते? आईबाप व कुळाची अब्रू मला स्वतःच्या जिवाहूनही प्रिय आहेत. नायिका बंड करण्यास टपलेली नाहीं. ती दोन प्रेमांच्या मध्यें सांपडलेली आहे. खरी मुलगी अशीच असते, हें प्रत्येक आईला ठाऊक आहे.

‘शारदा’ आणि कायदा

‘सौभद्रां’तील वर दुर्योधन होता, निदान तो तरुण राजपुत्र होता. परंतु सतरा वर्षांनीं, १८९९ सालीं, अण्णासाहेबांचेच शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणिलें, तेव्हां पुराणाचा पडदा बाजूला झाला आणि आपल्याच गांवांतील घर समोर आलें. पैशाच्या लोभानें कांचनभट आपली कोंवळी मुलगी शारदा हिचें लग्न पाऊणशें वयाच्या भुजंगनाथाशीं ठरवितो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचें चालत नाहीं. शारदा जीव देण्यास निघते, तेव्हां कोदंड तिला वांचवितो. महाभारतांत कृष्णानें विचारलेला प्रश्न, कीं पोटचें मूल कोण विकील, त्याचें उत्तर देवलांनीं अठराशें नव्याण्णव सालच्या महाराष्ट्रांत दाखविलें: हा पाहा, विकणारा.

पुढें १९२९ सालीं बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला, आणि मुलीसाठीं चौदा व मुलासाठीं अठरा वर्षांची मर्यादा ठरली. या कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणत. पुष्कळांची समजूत अशी कीं, तें नांव देवलांच्या नायिकेवरून पडलें. वास्तविक तें अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नांवावरून आलें आहे. परंतु चुकीच्या समजुतीलाही कधीं कधीं अर्थ असतो. कायदा होण्यापूर्वीं तीस वर्षें एका नाटकानें मराठी मनाची मशागत केली होती, हें त्या समजुतींत दिसतें. १९७८ च्या दुरुस्तीनें मुलीचें वय अठरा व मुलाचें एकवीस झालें, आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें तीच मर्यादा अधिक कडक केली. तरीही बालविवाह समूळ नाहींसे झालेले नाहींत. शाळेंत दहावीच्या वर्गांत बसण्याच्या वयांत एखादी मुलगी वर्गांतून दिसेनाशी होते, तेव्हां तिच्यासाठीं कोणी संन्याशाचें सोंग घेऊन येत नाहीं. तिला शाळेंतच पुढें चालूं देणारा बाप किंवा भाऊ, हाच तिचा कृष्ण.

काय घ्यावें

विद्यार्थ्यांनीं या नाटकापासून प्रथम हें घ्यावें कीं, मनांतील गोष्ट योग्य वयांत, योग्य माणसाजवळ, स्पष्ट शब्दांत बोलावी. घरांत बलराम असला तरी बहुधा कोठेंतरी एखादी रुक्मिणी किंवा एखादा कृष्णही असतो: आत्या, मामा, थोरली बहीण, एखादे गुरुजी. पळून जाणें ही रंगभूमीवर दोन घटकांची गोष्ट आहे. पडदा पडल्यावर नटांना आपापल्या घरीं जातां येतें. आयुष्यांत पडदा पडत नाहीं. शिवाय शालेय वय हें निवड करण्याचें वय नसून, निवड करण्याची पात्रता मिळविण्याचें आहे. अर्जुन हा सुभद्रेला भेटण्यापूर्वीं अर्जुन झालेला होता.

पालकांनीं हें घ्यावें कीं, मुलीला विचारल्यानें वडिलांचा अधिकार उणा होत नाहीं. बलरामानें पहिल्या अंकापूर्वीं एकदां विचारिलें असतें, तर पांच अंकांची फजिती टळली असती. आपणां प्रेक्षकांचा तोटा झाला असता, पण द्वारकेच्या घरांत शांतता नांदली असती. दिलेला शब्द मोडणें वाईट, हें खरेंच. म्हणूनच दुसऱ्याच्या आयुष्याविषयीं शब्द देण्यापूर्वीं त्या दुसऱ्याला विचारावें.

सुटींत हें नाटक मिळवून मोठ्यानें वाचावें. शक्य तर घरांतील सर्वांनीं पात्रें वांटून घेऊन वाचावें. वाचतांना तीन गोष्टी टिपाव्या: सुभद्रा कोठें कोठें स्वतःच्या मनांतलें बोलते, बलराम तिच्याशीं प्रत्यक्ष किती वेळां बोलतो, आणि कृष्ण खरें काय व खोटें काय सांगतो. बलरामाची भूमिका वडिलांनीं घ्यावी आणि सुभद्रेची मुलीनें. नाटक संपल्यावर दोघांनीं थोडा वेळ बोलत बसावें.